पोपट, वाघळे आणि आपला हिशेब

जुलैच्या सुट्टीत आम्हाला हॉलंडला जाण्याचा योग आला. आमची भाची अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या दक्षिणेला, झुइडास नावाच्या भागात, एका कचेरीत नोकरी करते. झुइडास या शब्दाचा अर्थ दक्षिण अक्ष. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जिथे मोकळी मैदाने होती तिथे आज काचेचे उंच मनोरे उभे आहेत. बँका, वकिलांच्या कचेऱ्या, मधून जाणारा मोठा रस्ता आणि रेल्वेचे स्टेशन. शेजारच्या आम्स्टेलवेन गावात भारतातून आलेली कुटुंबे इतकी आहेत की वाण्याच्या दुकानात पोह्यांची पिशवी सहज मिळते. हे सारे आम्ही वाचून गेलो होतो. वाचले नव्हते ते दुसऱ्याच संध्याकाळी ऐकू आले.

मनोऱ्यांच्या अगदी लगत बेआट्रिक्स पार्क नावाचा बाग आहे. तिथे फिरत असता डोक्यावरून किर्र-किर्र करीत हिरवा थवा गेला. लाल चोच, लांब शेपूट, नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी. आम्ही थबकलो. आमच्या आजीच्या गोष्टीत पेरू खाणारा, पिंजऱ्यात बसून 'विठू विठू' म्हणणारा तो हाच पोपट! भाची हसून म्हणाली, "मामा, तुम्हीच एकटे बघत उभे आहात. इथली माणसे मान वर करून पाहतसुद्धा नाहीत. हे आता इथलेच झाले."

इथलेच झाले, हे शब्द आमच्या मनात राहिले. आज या पानावर त्याविषयीच लिहावयाचे योजले आहे, कारण त्या थव्याचा आमच्या बेटाशी, आमच्या अंगणातल्या लिचीच्या झाडाशी आणि गेली काही वर्षे चाललेल्या एका वादाशी संबंध आहे.

हे पोपट हॉलंडला उडत गेलेले नाहीत. पिंजऱ्यातून विकण्यासाठी ते जहाजाने व विमानाने नेले गेले. काही निसटले, काही मालकांनी कंटाळून सोडून दिले. हॉलंडमध्ये मोकळ्या पोपटांनी पहिल्यांदा पिल्ले काढली ती १९६८ साली, हेग शहरात. शेजारच्या ब्रसेल्समध्ये तर १९७४ साली एका करमणुकीच्या बागेच्या चालकाने शहराला जरा रंग यावा म्हणून चाळीसेक पोपट हौसेने सोडले. आज तिथे ते हजारोंनी आहेत. हॉलंडमध्ये २०१० च्या सुमारास त्यांची संख्या दहा हजारांच्या घरात पोचली. युरोपातल्या पोपटांच्या रक्ताची तपासणी करून शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखविले की त्यांतील बहुतेकांचे मूळ उत्तर भारत व पाकिस्तान या बाजूचे आहे. थंडी सोसणारे तेच तग धरून राहिले. रानातून पकडलेले पक्षी आणण्यास युरोपने २००५ साली तात्पुरती आणि २००७ साली कायमची बंदी घातली. तोवर पक्षी घरचे झाले होते.

शाळामास्तराची खोड जात नाही. त्या रात्री आम्ही भाचीच्या मेजावर कागद घेऊन हिशेब मांडला. एक जोडी दर वर्षी दोन पिल्ले वाढवते असे धरा, आणि तूर्त कोणी मरतच नाही असेही धरा. म्हणजे दर वर्षी संख्या दुप्पट. दोनाचे चार, चाराचे आठ. दहा वर्षांनी दोन हजार अठ्ठेचाळीस. वीस वर्षांनी वीस लाख सत्याण्णव हजार एकशे बावन्न. वर्गात हा हिशेब घातला की मुले पहिली पाच-सहा वर्षे जांभया देतात आणि पंधराव्या वर्षाला डोळे मोठे करतात. गोम तिथेच आहे. पहिली पुष्कळ वर्षे काहीच घडत नाही असे वाटते. कोणी लक्ष देत नाही. लक्ष जाते तेव्हा उशीर झालेला असतो.

पण खरोखरच हे घडते काय? घडत नाही. घडले असते तर आज अ‍ॅमस्टरडॅममध्ये माणसांना उभे राहायला जागा उरली नसती. इंग्लंडच्या माल्थसने १७९८ साली दाखविले की जीव गुणाकाराने वाढू पाहतात, अन्न मात्र तसे वाढत नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८३८ साली, ब्रसेल्सचे गणिती व्हेरहुल्स्ट यांनी त्याला सूत्राचे रूप दिले. त्यांचे म्हणणे सोप्या शब्दांत असे, की भांडे रिकामे असते तोवर वाढ जवळजवळ दुपटीच्या चालीने होते. भांडे भरत आले की वाढ मंद होते आणि काठाशी येऊन थांबते. कागदावर त्याची रेघ आधी सपाट, मग चढी, मग पुन्हा सपाट अशी येते. ज्या शहरात व्हेरहुल्स्ट जन्मले त्याच शहरात पुढे ते चाळीस पोपट सुटावेत, हा योगायोग आम्हाला मोठा गमतीचा वाटला.

मग अ‍ॅमस्टरडॅमच्या भांड्याचा काठ कोणता? एक म्हणजे थंडी. कडाक्याच्या हिवाळ्यात या पोपटांची बोटे गोठून झडतात, काही मरतात. पण शहर हे रानापेक्षा उबदार असते आणि लोक गच्चीत शेंगदाणे टांगून ठेवतात. म्हणून तर ते शहरात राहतात, खेड्यात फारसे नाहीत. दुसरे म्हणजे घरटे. हा पक्षी काटक्यांचे घरटे बांधीत नाही, त्याला जुन्या झाडाची ढोली हवी. ढोल्या मोजक्या, आणि त्याच ढोल्यांवर तिथल्या मूळच्या लहान पक्ष्यांचाही डोळा. पोपट हिवाळा संपता संपताच जागा अडवून बसतो. बेल्जियममध्ये नटहॅच नावाच्या एका छोट्या पक्ष्याला त्याचा त्रास होतो असे अभ्यासकांना आढळले आहे. तिसरे म्हणजे ससाण्याच्या जातीचे शिकारी पक्षी. तेही आता शहरात येऊन राहू लागले आहेत.

झुइडासलाच अ‍ॅमस्टरडॅमचे एक मोठे विद्यापीठ आहे, व्राय युनिव्हर्सिटेट. तिथे बास कोइमान नावाच्या प्राध्यापकांनी १९७९ पासून एक निराळाच हिशेब मांडला. डोकी मोजण्याऐवजी त्यांनी एकेका जीवाने खाल्लेल्या अन्नाचा ताळेबंद मांडला. किती अन्न शरीराच्या देखभालीला गेले, किती वाढीला, किती संततीला. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ही रीत समजेल. आधी भाडे आणि तांदूळ, उरले तर लुगडे. जिथे मिळकत थोडी आणि खर्च मोठा, तिथे पिल्ले कमी होणार. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे वाघळांच्या वेळी कामाला येईल.

आता आमच्या घराकडे वळू. अ‍ॅमस्टरडॅमला गेलेल्या मॉरिशसच्या माणसाला एक गोष्ट विसरता येत नाही. आमच्या बेटाचे नाव याच लोकांनी ठेवले. १५९८ साली हॉलंडहून निघालेल्या ताफ्यातील जहाजे आमच्या आग्नेय किनाऱ्याला लागली आणि राजपुत्र मॉरिट्सच्या नावाने बेट मॉरिशस झाले. १६३९ साली त्यांनी जावाहून ऊस आणला आणि हरणेही आणली. तो ऊस पुढे कोणाच्या पाठीवर वाढला हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. जहाजांबरोबर उंदीर आले, डुकरे आली. माकडे बहुधा त्याआधीच पोर्तुगिजांबरोबर आली होती. डोडो जमिनीवर एकच अंडे घाली असे सांगतात. ज्या बेटावर अंडे खाणारा कोणी नव्हता तिथे एक अंडे पुरे होते. अंडी खाणारे आले आणि हिशेब मोडला. डोडो पाहिल्याची शेवटची विश्वासार्ह नोंद १६६२ सालची आहे. १७१० साली डच बेट सोडून गेले. उंदीर मात्र राहिले.

त्यानंतर आलेल्यांनीही तोच धडा पुन्हा पुन्हा गिरविला. टोळ फार झाले म्हणून १७६२ साली भारतातून साळुंकी आणली. आपले लोक तिला इथे मार्तें म्हणतात आणि ती इथलीच समजतात. उंदीर फार झाले, प्लेग आला, म्हणून १९०० च्या सुमारास मुंगूस आणले. मुंगसाने उंदीर खाल्ले आणि पक्षीही खाल्ले. आपल्या बायका-मुले टोपल्या घेऊन डोंगरात गोयाव दे शीन तोडायला जातात, तेही परक्या मुलखातले झाड. त्याने रान असे दाबले आहे की मूळचे चांगले जंगल आज शेकडा पाचाहूनही कमी उरले आहे. (खायला मात्र ते फळ गोड लागते, हे नाकारणार नाही.)

आणि पोपट? तोच भारतीय पोपट १८८६ च्या सुमारास आमच्या बेटावरही आला व पसरला. त्याचा एक चुलतभाऊ इथे हजारो वर्षांपासून होता. त्याला कातो वेर म्हणतात, आणि तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. रान तुटले, ढोल्या गेल्या, उरलेल्या ढोल्यांवर परका पोपट बसला. १९८० च्या दशकात कातो वेर दहा-बाराच उरले होते. व्हेरहुल्स्टच्या भांड्यात जणू थेंबभर पाणी. १९८४ साली स्थापन झालेली मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था, कार्ल जोन्स यांच्यासारखे चिकाटीचे लोक आणि सरकारचे वनखाते यांनी पेट्या टांगल्या, खाणे ठेवले, पिल्ले हाताने वाढविली. आज त्यांची संख्या सातशेच्या वर गेली आहे आणि २०१९ साली त्यांच्यावरील संकटाची पायरी एकाने उतरविण्यात आली. काय केले त्यांनी? शत्रू मारीत बसण्यापेक्षा काठ वाढविला. ढोली नव्हती, पेटी दिली. अन्न नव्हते, अन्न दिले.

आता मुद्द्याची गोष्ट. दर वर्षी नोव्हेंबर उजाडला, लिची लाल होऊ लागली, की एकच ओरड सुरू होते. सोवसुरी आली! वाघळांना मारा! ही ओरड खोटी नाही. सकाळी उठून झाडाखाली अर्धवट चावलेल्या फळांचा सडा पाहिला की कोणाचाही संताप होईल. ज्याची झाडे व्यापाऱ्याला विकलेली आहेत त्याचे तर मुलांच्या फीचे पैसे जातात. आमच्या वाचकांत अशी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापुढे पुस्तकी प्रवचन करण्याची आमची इच्छा नाही.

पण हिशेब करू या. २०१५ साली सरकारने नवा कायदा करून वाघळे मारण्याची मोहीम काढली. तेव्हा सरकारचा अंदाज नव्वद हजार वाघळांचा होता. तो फुगलेला आहे असे अभ्यासकांचे म्हणणे होते. मारली गेली तीस हजारांच्या वर. २०१६ आणि २०१८ साली पुन्हा मोहिमा झाल्या. २०१८ साली या जातीची नोंद जगाच्या धोक्यातील प्राण्यांच्या यादीत आणखी एक पायरी वर चढली.

पोपटाचा कागद पुन्हा समोर घ्या. वाघळाच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. शंभर वाघळांत पन्नास माद्या धरल्या, त्यातील काही अजून वयात आलेल्या नाहीत, तर वर्षाला पस्तीस-चाळीस पिल्ले फार झाली. त्यातून उपासमार, विजेच्या तारा, म्हातारपण यांनी वर्षभरात लहान-मोठी मिळून तितकीच किंवा थोडी कमी मरणार. वाढ ती किती? शेकडा पाच-दहा. अशा घरातून एका हंगामात शेकडा तीस काढून घेतली तर खड्डा भरायला चार ते आठ वर्षे लागतील, आणि मध्ये एक मोठे वादळ आले तर तो भरणारच नाही. वादळ येणार नाही असे म्हणण्याची हिंमत आमच्या बेटावर कोणी करील काय? १९६० सालची कॅरोल आणि १९७५ ची जर्वेज ज्यांनी पाहिली ते अजून आमच्यात आहेत. वाऱ्याने फळ-पान झडले की वाघळे भुकेने मरतात. रॉड्रिग्जच्या सोनेरी वाघळांची संख्या १९७० च्या दशकात शंभराच्याही खाली गेली होती. रान वाढविल्यावर आज ती हजारोंनी आहेत. या बेटांवर मूळच्या मोठ्या वाघळांच्या तीन जाती होत्या. तिसरी एकोणिसाव्या शतकात संपली.

म्हणजे उलटेच झाले आहे पहा. साळुंकी, उंदीर, परका पोपट यांची पैदास भराभर होते. त्यांतील थोडे मारले तर भांड्यात जागा होते आणि उरलेल्यांची पिल्ले अधिक जगतात. वाघळाची पैदास सावकाश, म्हणून मारण्याचा घाव त्यालाच लागतो. आणि लिची काही एकटे वाघूळच खात नाही. पोपट खातो, साळुंकी खाते, उंदीर खातो, वारा पाडतो. ते दिवसा किंवा गुपचूप येतात. वाघूळ रात्री पंख फडफडवीत येते, म्हणून सारा दोष त्याच्या माथी. डोडो गेला, मोठी कासवे गेली. रानातल्या मोठ्या फळांचे बी दूर नेऊन टाकणारे तेच एक मोठे जनावर आता उरले आहे.

हॉलंडमध्ये वाघळे लहान, किडे खाणारी. पण तिथे कायदा असा की जुन्या घराच्या पोकळ भिंतीत काही भरावयाचे असेल तर आत वाघळांचा निवारा आहे काय ते आधी पाहावे लागते. घरमालक कुरकुर करतात, खर्च वाढतो, हेही भाचीने सांगितले. झुइडासच्या एका नव्या इमारतीवर, तिचे नाव व्हॅली, सज्जांमधून तेरा हजारांवर रोपे लावली आहेत. आम्ही खाली उभे राहून मान दुखेपर्यंत पाहिले. ज्यांनी पूर्वी आमचे एबनीचे रान तोडून नेले त्यांच्याच वंशजांनी आज काचेच्या मनोऱ्यावर झाडे चढवावीत, याचे हसू आले आणि थोडा हेवाही वाटला.

काही वाचक म्हणतील, मास्तर, जनावरांचे पुरे, माणसांचे बोला. बोलतो. एके काळी आमच्याविषयीही असाच हिशेब मांडला गेला होता. १९४४ साली बेटावर चार लाख एकोणीस हजार माणसे होती. हिवताप हटविला, मुले जगू लागली, आणि १९६२ साली ती संख्या पावणेसात लाखांवर गेली. १९६१ साली प्राध्यापक मीड यांचा अहवाल आला. हेच मीड पुढे १९७७ चे नोबेल मानकरी झाले. त्यांना आमचे भविष्य अंधारे दिसले. माणसे फार, जमीन थोडी, ऊस एकच. आमच्या लहानपणी मोठी माणसे त्या अहवालाविषयी कडवट बोलत, ते आठवते. पण घडले ते निराळे. १९६० च्या आरंभी एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. दहा-बारा वर्षांत तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. कोणी मारले नाही, कोणी सक्ती केली नाही. कुटुंबनियोजनाच्या संस्था गावोगाव गेल्या, मुली शाळेत गेल्या, मग कारखान्यांत कामाला लागल्या. आमच्या आईच्या पिढीने स्वयंपाकघरात बसून आपला हिशेब आपण केला. आज तो आकडा दीडच्याही खाली आहे, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास थबकली आहे, आणि आता चिंता उलटी आहे. आमच्या मराठीच्या वर्गात बाके रिकामी दिसू लागली आहेत. भाचीसारखी मुले अ‍ॅमस्टरडॅमला जातात, तिला आम्ही कोणत्या तोंडाने अडवावे?

माणसांना पोपटांच्या पंगतीला बसवू नये, हे आम्ही जाणतो. पक्षी आपला काठ ठरवीत नाही, माणूस काही अंशी ठरवू शकतो. मीड यांच्या हिशेबात चूक नव्हती, त्यात आमच्या आया नव्हत्या. म्हणून वाघळांच्या बाबतीत सरकारने बंदुका काढण्याआधी नीट मोजणी करावी, ती बेटाबाहेरच्या जाणकारांकडून तपासून घ्यावी आणि लोकांपुढे ठेवावी, अशी आमची मागणी आहे. आकडा ज्यांच्या खात्याचा त्यांनीच तो मोजला, त्यांनीच मोहीम काढली, हे आम्हाला बरे वाटत नाही.

आणि दुसरी गोष्ट जाळ्यांची. झाडावर जाळी टाकली तर नुकसान कितीतरी पटीने घटते, हे आमच्या बेटावरच्याच पाहणीत दिसले आहे. सरकारने जाळ्यांसाठी अनुदानाची योजना काढलेली आहे. अडचण अशी की अंगणातली जुनी झाडे तीन माणसांइतकी उंच, त्यांवर जाळी चढणार कशी? ती छाटावी लागतात, आणि छाटल्यावर एक-दोन वर्षे फळ कमी येते. म्हाताऱ्या जोडप्याने शिडीवर कसे चढावे? अनुदान जाळीला आहे, चढणाऱ्या हातांना नाही. गावच्या मंडळांनी तरुणांची एक टोळी करून ऑक्टोबरात घरोघर जाळ्या चढवून द्याव्यात. गणपतीची मखरे उभारणाऱ्या पोरांना हे काम जड नाही.

आमच्या अंगणात दोन झाडे आहेत. एक आजोबांच्या हातचे, फार उंच. त्याला आम्ही कुऱ्हाड लावू शकलो नाही. दुसरे गेल्या वर्षी छाटून जाळीखाली घेतले. त्याची फळे आम्ही खाल्ली. आजोबांच्या झाडाची शेंड्याची फळे वाघळांनी खाल्ली, मधली साळुंक्यांनी, आणि सकाळी सातला एक हिरवा पोपट तिथे बसून सालपटे खाली टाकीत होता.